आधी म्हणून दाखवा

माझ्या नवऱ्याच्या दुकानातून औषध घेणं म्हणजे तोंडी परीक्षा देणं आहे. डॉक्टरची चिठ्ठी पुढे केली, औषध घेतलं आणि निघालो, असं तिथे चालत नाही. हे गोळ्यांची स्ट्रिप स्वतःच्या हातात धरून ठेवतात आणि म्हणतात, "बोलके दिखाओ." मग समोरच्यानं तीन गोष्टी म्हणून दाखवायच्या. गोळी कशासाठी आहे, दिसायला कशी आहे आणि घ्यायची कधी. दिसायला कशी हे कळावं म्हणून पहिली गोळी तिथल्या तिथे काढून बघायची, मग ती खाकी लिफाफ्यात टाकायची. तिन्ही उत्तरं बरोबर आली की स्ट्रिप हातात पडते. एखादं चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

मी पहाडगंजच्या मराठी शाळेत उभा जन्म काढला, पण इतक्या लोकांना इतक्या वेळा पाठ म्हणायला मी कधी लावलं नाही. माझी मुलं निदान सहावीतली होती. यांची मुलं सत्तरीच्या पुढची.

दिल्ली मोठी असेल तिच्या घरची. आमचा द्वारकेतला सेक्टर म्हणजे एक लहानसं गाव आहे. मधे दहा-बारा दुकानांचं मार्केट, भोवती सोसायट्या, आणि डोक्यावरून सारखी उतरणारी विमानं. विमान आलं की सगळ्यांनी बोलणं थांबवायचं आणि ते गेलं की तोडलेल्या शब्दापासून पुढे सुरू करायचं, ही इथली रीत आहे. नवा माणूस विमानावर ओरडून बोलत राहतो, त्यावरून तो नवा आहे हे ओळखू येतं. या मार्केटच्या कोपऱ्यावर यांचं दुकान. माहेरी वर्ध्याला आम्ही त्याला मेडिकल म्हणायचो, इथे केमिस्ट म्हणतात. यांना मात्र अर्धा सेक्टर 'डॉक्टर साब' म्हणतो आणि दर वेळी हे न कंटाळता सांगतात, "डॉक्टर नहीं, केमिस्ट." पंचवीस वर्षं झाली, पण ना लोक सुधारले, ना हे थकले.

सुरुवातीला या 'बोलके दिखाओ'वरून भांडणं व्हायची. आमच्या मागच्या सोसायटीत एक निवृत्त कर्नल राहतात. त्यांना पहिल्यांदा म्हणायला सांगितलं तेव्हा त्यांच्या मिशा थरथरल्या. "मैंने पूरी बटालियन को ऑर्डर दिए हैं," ते म्हणाले. हे म्हणाले, "साब, तो फिर एक ऑर्डर दोहराना मुश्किल नहीं होगा." कर्नल तणतणत निघून गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले, कारण दुसऱ्या दुकानातून आणलेल्या दोन गोळ्यांपैकी सकाळची कोणती आणि संध्याकाळची कोणती, याचा त्यांना पत्ता नव्हता. तेव्हापासून ते काउंटरपुढे सावधान उभे राहतात आणि रिपोर्ट दिल्यासारखं म्हणतात, "ब्लड प्रेशर. सफेद, गोल. सुबह, नाश्ते के बाद." मागे उभी असलेली माणसं हसतात. कर्नलही हसतात, मिशांच्या आत.

या हट्टामागे माझ्या सासूबाई आहेत. त्या अमरावतीकडच्या. सासरे सरकारी नोकरीनिमित्त दिल्लीला आले आणि सरकारी क्वार्टरात संसार मांडला. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. हे कॉलेजात असताना त्या गावी गेल्या होत्या, तिथल्या शिबिरात त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं होतं. नंतर डोळ्यात घालायचे थेंब दिले, घालायचे कसे ते सांगितलं, आणि विचारलं, "समजलं ना आई?" त्या म्हणाल्या, "हो." घरात आधीपासून कानदुखीच्या थेंबांची बाटली होती, तशीच लहान, तसंच पांढरं झाकण. चार दिवस त्या कानाचे थेंब डोळ्यात घालत राहिल्या. तो डोळा गेला.

हे सांगतात, "आईला कोणी म्हणून दाखवायला सांगितलं असतं, तर तिनं बाटली पुढे केली असती आणि तिथेच कळलं असतं." म्हणून हे कुणालाच 'समझ गए?' असं विचारत नाहीत. त्यावर सगळे मान डोलावतात. शाळेतल्या बाईला हे वेगळं सांगायला नको, समजलं का विचारल्यावर न समजलेलीच मुलं सगळ्यात जोरात 'हो' म्हणतात.

मी निवृत्त झाले तेव्हा घरात बसून काय करायचं हा प्रश्न होता. मुलगी बंगळुरूला, भांडायला घरी कोणी नाही. दुपारी चारच्या सुमारास मी दुकानात जाऊन बसायला लागले. काउंटरच्या आतल्या बाजूला पंख्याखाली एक खुर्ची होती, ती माझी झाली. मला औषधांतलं काही कळत नाही आणि मी कुणाला काही देतही नव्हते. गप्पा मात्र भरपूर मारायची. हळूहळू माझ्या लक्षात आलं की गिऱ्हाईकं चार ते सात याच वेळात जास्त येतात. सकाळी दुकान रिकामं आणि मी गेले की गर्दी. मी मनातून फुशारले. यांना म्हटलंसुद्धा, "बघा, तुमचा तो रुक्ष चेहरा बघायला कोण येणार? लोक माझ्याशी बोलायला येतात." हे म्हणाले, "बिल्कुल."

त्याच सुमारास हे स्ट्रिप ट्यूबलाइटकडे धरून बघायला लागले. आधी हातभर लांब, मग नाकाजवळ. मग एक दिवस म्हणाले, "अगं, हे काय लिहिलंय बघ जरा. या कंपन्या अक्षरं दिवसेंदिवस बारीक करायला लागल्यात." मी वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. महिन्याभरात न बोलता ठरूनच गेलं. हे खणातून स्ट्रिप काढायचे, माझ्याकडे द्यायचे, मी नाव वाचायची, किती मिलिग्रॅम ते वाचायची, मुदत वाचायची, आणि पुढची परीक्षा हे घ्यायचे. आम्ही दोघं मिळून एक केमिस्ट झालो होतो.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, हे मला कळत होतं. घरी चहात साखरेऐवजी मीठ पडलं तेव्हा कळलं. मेट्रोत समोरून आलेल्या माझ्या मावसभावाला यांनी ओळखलं नाही तेव्हा तर अगदीच कळलं. एकदा मी विषय काढला. हे म्हणाले, "दुकान इतके दिवस कोण बघणार? कायद्यानं केमिस्टशिवाय दुकान उघडता येत नाही." खरं होतं ते, पण खरं कारण नव्हतं. डोळ्यात पडणाऱ्या थेंबांची यांना भीती होती. इतरांना मात्र हेच सांगायचे, "मोतियाबिंद है? निकलवा दो जी, आधे घंटे का काम है."

मी पुन्हा विषय काढला नाही. पुढचं लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. मला ते आवडत होतं. निवृत्तीनंतर सकाळी उठून कुठे जायचं नाही, कुणाला आपली गरज नाही, असं झालं होतं. आता चार वाजले की कुणाचं तरी माझ्यावाचून अडत होतं. यांचे डोळे बरे झाले असते तर माझी खुर्ची गेली असती. मी असं शब्दांत कधी म्हटलं नाही, पण वागले तशीच.

मग जानेवारीत आमच्या मराठी मंडळाची बस पानिपतला निघाली. दर वर्षी संक्रांतीच्या सुमारास मंडळी तिथल्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला जातात. मी आधी कधी गेले नव्हते, शाळेच्या व्यापात जमलंच नव्हतं. यांना म्हटलं, एक दिवस तुमचं तुम्ही बघा. हे म्हणाले, "जा की. मी काय लहान आहे?" धुक्यातून बस हळूहळू गेली. तिथे महाराष्ट्रातून आलेली माणसं भेटली, कुणी कुणाच्या गावचं निघालं, सगळ्यांनी मिळून फुलं वाहिली. दुपारी ऊन पडलं तेव्हा हिरवळीवर बसून तिळगूळ आणि डब्यातल्या पोळ्या खाल्ल्या. मी फार खूश होते. येताना रेवड्यांची दोन पाकिटं घेतली, एक घरासाठी आणि एक दुकानात वाटायला.

संध्याकाळी पाच वाजता मार्केटात उतरले तर दुकानाचं शटर खाली. घरी धावत गेले. हे बाल्कनीत बसले होते, बाहेरचा स्वेटरही काढला नव्हता. मला बघून म्हणाले, "आलीस? आता दुकान बंद."

"बरं नाही का?"

"मला काही झालं नाही. कायमचं बंद म्हणतोय मी."

मग त्यांनी सांगितलं ते असं. आमच्या समोरच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर एक पंजाबी आजी एकट्या राहतात. सगळा सेक्टर त्यांना बीजी म्हणतो. वय ऐंशीच्या आसपास, अंगानं काडी, खाणं चिमणीएवढं. त्यांना मधुमेहाची गोळी आहे, एक मिलिग्रॅमची. त्याच कंपनीची दोन मिलिग्रॅमची गोळी तशाच चंदेरी स्ट्रिपमध्ये येते. दोन्ही एकाच खणात, शेजारी शेजारी. बीजी दुपारी आल्या. यांनी स्ट्रिप काढली आणि माझ्या खुर्चीकडे हात केला. खुर्चीत कोणी नव्हतं. मग यांनी ती डोळ्यांजवळ नेली, वाचल्यासारखं केलं, आणि म्हणाले, "बोलके दिखाओ."

बीजी म्हणाल्या, "शुगर की. गुलाबी, लंबी. सुबह नाश्ते से ज़रा पहले." आणि गोळी काढून तळहातावर घेतली. गोळी हिरवी होती.

"भाईसाब, ये तो हरी है."

"कंपनी ने रंग बदला होगा," हे म्हणाले.

एवढं सांगून हे थांबले. वरून विमान गेलं, ते दूर जाऊ दिलं. मग म्हणाले, "कळतंय का तुला? मी न बघता म्हटलं. रंग बदलला असेल. मी! लोकांना पंचवीस वर्षं मीच सांगतोय की रंग बदलला तर आधी विचारा."

बीजी हलल्या नाहीत. म्हणाल्या, "आपने ही सिखाया है जी, रंग बदले तो पहले पूछो. तो पूछ रही हूँ." मग यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून ती स्ट्रिप वाचून घेतली. दोन मिलिग्रॅम. बीजींनी ती रोज घेतली असती तर साखर उतरून कधीतरी घरात पडल्या असत्या, आणि आतून कडी लावलेली. यांनी हात जोडून बीजींची माफी मागितली, योग्य गोळी दिली, ती दोघा जणांकडून वाचून घेतली, आणि शटर ओढलं.

माझ्या हातात रेवड्यांची पिशवी तशीच होती. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, की मला माहीत होतं, मी मुद्दाम गप्प बसले. तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हटलं, "चहा ठेवते."

दुसऱ्या दिवसापासून मी हात धुऊन मागे लागले. ऑपरेशन करून घेऊ. यांनी फारसा विरोध केला नाही, तेच मला जास्त लागलं. म्हणाले, "करू. पण दुकान उघडायला म्हणून नाही. पेपर वाचायला म्हणून." शटरची किल्ली यांनी माळ्यावरच्या पणत्यांच्या डब्यात टाकली, जो आम्ही वर्षातून एकदा काढतो. मी दुकानावर कागद चिकटवला, 'आँख का ऑपरेशन है, दुकान बंद है.' कधीपर्यंत ते लिहिलं नाही.

ऑपरेशन खरंच अर्ध्या तासाचं होतं. आधी एक डोळा, तीन आठवड्यांनी दुसरा. दवाखान्यातल्या सिस्टरनं पहिल्याच दिवशी थेंबांच्या तीन बाटल्यांची यादी भराभर वाचून दाखवली. ही दिवसातून सहा वेळा, ही चार वेळा, ही तीन वेळा, दोन थेंबांमध्ये पाच मिनिटं, आठवड्यानं पहिली एक वेळ कमी. हे डोळ्यावर पट्टी आणि मान उंच, "हाँ हाँ सिस्टर, मैं केमिस्ट हूँ."

मी म्हटलं, "म्हणून दाखवा."

"अगं, मला माहीत आहे."

"सगळ्यांनाच माहीत असतं. म्हणून दाखवा."

सहा वेळाचं औषध यांनी चार वेळा सांगितलं आणि चार वेळाचं विसरूनच गेले. सिस्टर हसायला लागली. मी तीन वेळा म्हणवून घेतलं, तेव्हा दवाखान्यातून हललो. घरी मी घड्याळ लावून हिशेबानं थेंब घालायची, आणि प्रत्येक वेळी हे डोळा उघडण्याआधी विचारायचे, "बाटली कोणती? झाकण कोणतं? वाच." मी वाचायची. चेष्टा करत नव्हते मी तेव्हा. हे आईची बाटली आठवत होते, हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "तू इतकी पांढरी कधी झालीस?" मी म्हटलं, "तुम्ही बघत नव्हतात तेव्हा." डॉक्टरांनी सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. भिंतीवरच्या पाटीवरची शेवटची ओळ हे घडाघडा वाचत होते. घरी आल्यावर पेपरातल्या लग्नाच्या जाहिरातीसुद्धा वाचून झाल्या. किल्ली मात्र पणत्यांत.

मी शंभरदा म्हटलं, दुकान उघडा. हे म्हणायचे, "डोळे सुधारले गं. 'रंग बदला होगा' म्हणणारा माणूस तोच आहे."

माझं डोकं फिरायचं. सत्तर वर्षांचा माणूस चांगले डोळे घेऊन दिवसभर घरात बसतो, आणि मी कणीक कशी मळते यावर सूचना करतो, म्हणजे काय शिक्षा असते ते माझं मला माहीत. पण त्याहून मोठी गोष्ट ही, की यांची पाठ वाकायला लागली होती. बाल्कनीतून दुकानाचा कोपरा दिसतो. हे तिकडे पाठ करून बसायचे.

मग फोन सुरू झाले. पहिला बीजींचा. त्या मेट्रो स्टेशनजवळच्या मोठ्या दुकानातून बोलत होत्या. "भाईसाब को दो." यांनी फोन घेतला. पलीकडून बीजींचा खणखणीत आवाज मलाही ऐकू येत होता. "शुगर की. गुलाबी, लंबी. सुबह नाश्ते से ज़रा पहले. खोलके देख ली जी, गुलाबी ही है." यांनी हळूच विचारलं, "कितने मिलिग्राम लिखा है? पढ़वा लो." पलीकडे बीजींनी दुकानदाराकडून वाचून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कर्नल. तेही त्याच दुकानातून, बहुधा सावधान उभे राहून. मग ड्रायक्लीनरची बायको, मग नव्या सोसायटीतली बाळंतीण. दुपारी चार ते सात आमचा फोन सुटेना. हे टेबलाशी चष्मा लावून बसायचे, आणि "रंग?" म्हणून विचारायचे. आवाज पुन्हा तसा यायला लागला होता.

आठवड्याभरानं त्या मोठ्या दुकानाचा मालक स्वतः घरी आला. चाळिशीतला, चांगला माणूस. चहा पुढे केला तर घेईना. म्हणाला, "अंकल जी, आपके कस्टमर मेरी दुकान पे आके गोली खोलते हैं. फिर आपको फ़ोन लगाते हैं. फिर मुझसे कहते हैं, तुम भी बोलके दिखाओ. पीछे लाइन सड़क तक जाती है. कर्नल साब ने कल मुझे डाँटा कि मैं ढीला खड़ा हूँ." मग त्यानं खरंच हात जोडले. "आप अपनी दुकान खोल लो, प्लीज़."

मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडाला पदर लावून हसले. बाहेर आले तर हेही हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मला काळजी की ताज्या ऑपरेशनला हे चालतं का. तो गेल्यावर यांनी स्टूल घेतलं आणि पणत्यांचा डबा काढला.

दुकान उघडलं त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे आत जायला लागले. हे म्हणाले, "आज तू पलीकडे. तुला आता काही वाचायचं नाही." मला माझी बीपीची गोळी हवीच होती, ती हे इतकी वर्षं घरी आणून द्यायचे. मी निमूट रांगेत उभी राहिले. माझ्या पुढे कर्नल, त्यांच्या पुढे बीजी.

यांनी खणातून स्ट्रिप काढली, आणि या वेळी आधी स्वतः वाचली. नाव, मिलिग्रॅम, मुदत, सगळं मोठ्यानं. "आज से पहले मैं बोलूँगा, फिर आप," हे म्हणाले. बीजींनी गोळी काढली. गुलाबी. जीव भांड्यात पडला सगळ्यांचा.

"अब ठीक है," बीजी म्हणाल्या. "पहले तो बहनजी के टाइम पे आना पड़ता था."

"मतलब?" हे म्हणाले.

"मतलब क्या जी. आपको दिखता कहाँ था? सब चार बजे के बाद आते थे, बहनजी पढ़ देती थीं. उस दिन मुझे जल्दी दवाई चाहिए थी, तो मैंने और ग़ौर से देखी."

यांनी कर्नलांकडे बघितलं. कर्नल बुटांकडे बघायला लागले. रांगेत मागे कोणी खोकलं. माझ्याशी गप्पा मारायला येणारी माझी ती चार ते सातची गर्दी! मला हसावं की रडावं कळेना.

"सबको पता था?"

"सबको," बीजी म्हणाल्या. "पर आपकी इज़्ज़त का सवाल था. मुँह पे कौन बोलता?"

"इज़्ज़त? बीजी, आपकी जान का सवाल था." मग हे माझ्याकडे वळले. दुकानात हे माझ्याशीही हिंदीतच बोलतात. या वेळी मराठीत विचारलं, "तुला?"

"सगळ्यात आधी मला," मी म्हटलं. "आणि मुद्दाम बोलले नाही. खुर्ची गेली असती माझी."

बाकीच्यांना त्यातलं काही कळलं नसावं. हे माझ्याकडे बघत राहिले. नव्या डोळ्यांनी बघतात तेव्हा चुकवायला जागा नसते. मग त्यांनी बीजींची स्ट्रिप पुन्हा काउंटरवरून उचलून स्वतःच्या हातात घेतली.

"बोलके दिखाओ," हे म्हणाले. "भाईसाब को नहीं दिखेगा, तो क्या करोगे?"

कर्नल सावधान झाले. "मुँह पर बोलेंगे. उसी दिन."

"उसी वक़्त बोलेंगे," बीजी म्हणाल्या, "और कान पकड़के बोलेंगे." यांनी स्ट्रिप त्यांना दिली. मागची दोन-तीन माणसंही एकदम म्हणून गेली.

माझी पाळी आली. यांच्या हातात माझी बीपीची स्ट्रिप होती. "तू?"

"दिसत नसेल, तर..." मी सुरुवात केली आणि वरून विमान आलं. सगळ्यांसमोर ते म्हणायची लाज वाटत होती, म्हणून मी इथे नवी असल्यासारखी त्या घरघरीतच उरलेलं घाईघाईनं म्हणून टाकलं आणि हात पुढे केला.

यांनी स्ट्रिप दिली नाही. विमान पार जाईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "ऐकू आलं नाही. पुन्हा."

"दिसत नसेल, तर तोंडावर सांगेन," मी म्हटलं. "त्याच दिवशी."

"आता गोळी कशासाठी, ते म्हण," हे म्हणाले.